इरा आवडते, पण...

मागच्याच्या मागच्या शनिवारी दुपारी मी इराशी खोटं बोलले, आणि तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं.

इरा म्हणजे आमच्या शुभांगीताईंची मुलगी. इथे आमच्या शॉमबर्ग गावातच जन्मलेली, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्या लेकाला दोन वर्षं आमच्या डायनिंग टेबलवर बसवून अल्जिब्रा शिकवलाय तिने. यंदा ती राज्याच्या विधानसभेसाठी प्रायमरीत उभी आहे... म्हणजे खरी लढत नोव्हेंबरमध्ये, पण पक्षाचा उमेदवार कोण हे आधी आपण मतदारांनी ठरवायचं. तिच्यासमोर पक्षातलेच एक भारदस्त गृहस्थ आहेत, इथल्या राजकारणात मुरलेले.

तर शनिवारी ती दारात उभी. बूट बर्फाने भरलेले, नाक लाल. काकू, तुमच्या घरापुढच्या यार्डात माझा प्रचाराचा बोर्ड लावू का, एवढंच विचारलं. मी पटकन म्हणाले की आमच्या असोसिएशनला चालत नाही गं... आमच्या कॉलनीला घरमालकांची असोसिएशनच नाही. ती हसली, चहा प्यायली, लेकाची चौकशी केली आणि गेली.

का बोलले मी असं? इरा मला मनापासून आवडते, तिचे मुद्दे पटतात. पण नोव्हेंबरची भीती वाटते. आत्ता हिला निवडलं आणि तिकडे समोरचा पक्ष जिंकला तर? नवरा पुण्याचा, त्यामुळे त्याला शंका कधीच नसतात. पोरगी हुशार आहे, पण तिला कोण मत देणार, वारा बघून पाठ द्यावी, असं त्याने पेपर न हलवता सांगून टाकलं. मी नागपूरची, म्हणून सवयीने भांडले. आतून मात्र मला त्याचंच पटत होतं.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. तिथे तर सगळ्याजणी एकाच सुरात. इरा किती गोड, किती अभ्यासू... आणि मग तो 'पण'. आपल्याला चालेल गं, इथल्या लोकांना चालायला हवी ना! पूर्वी मुलगी बघायला येणारे म्हणायचे ना, आम्हाला पसंत आहे, पण घरातल्या मोठ्यांचं काय ते बघू... अगदी तसंच. नकार द्यायचा, पण तो खोलीत नसलेल्या माणसाच्या नावावर. शुभांगीताई तिथेच तिळगूळ देत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मीही मान डोलावली, तेही त्यांनी बघितलं असणार.

मग पुढचे तीन-चार दिवस चैन नाही. मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं तरी कळेना, चहा दोनदा उतू गेला. गाडी चालवताना नजर सारखी लोकांच्या यार्डांकडे. सगळीकडे त्या गृहस्थांचे निळे बोर्ड. बघ, मी बरोबरच होते, असं स्वतःला समजावायचे आणि परत अस्वस्थ व्हायचे. गेल्या वर्षीच मी सिटिझन झालेय. इथलं हे माझं पहिलं मत, आणि ते कोणाला द्यायचं हे मी दुसऱ्यांच्या यार्डात शोधत होते.

गुरुवारी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. समोरची कॅरलही काढत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, आयुष्यभर स्कूल बस चालवली. तिच्या यार्डात त्या गृहस्थांचा बोर्ड. माझ्या मनातले 'इथले लोक' म्हणजे खरं तर हीच कॅरल, पण तिला मी कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तिनेच विषय काढला. लायब्ररीतल्या उमेदवारांच्या चर्चेला ती गेली होती. स्कूल बसचा प्रश्न कळलेली तिथे एकच व्यक्ती होती म्हणे... इरा. मग बोर्ड त्यांचा कसा, मी न राहवून विचारलं.

कॅरल फावड्यावर रेलली. इरा तिला सगळ्यात जास्त आवडली होती, असं तिने सरळ सांगितलं. पण इराच्या ओळखीच्या एकाही इंडियन घरासमोर तिचा बोर्ड दिसला नाही. "तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. तुम्हीच लावत नाही, म्हणजे तिचं काही खरं नाही, असं मी समजले."

मी हिच्याकडे बघून ठरवत होते, ही माझ्याकडे बघून. दोघींना हवी होती तीच मुलगी, आणि दोघींनी मिळून तिला पाडायला घेतलं होतं.

आत येऊन ग्लोव्हज न काढताच इराला फोन लावला.

"इरा, आमच्याकडे असोसिएशन नाहीये. मी खोटं बोलले. मला वाटलं, तू निवडून येणार नाहीस."

ती म्हणाली, "आय नो, काकू. तुमच्या समोरच्याच यार्डात बोर्ड होता ना, मग असोसिएशन कुठली?"

म्हणजे शनिवारी तिला सगळं कळलं होतं. तरी बसून शांतपणे चहा पिऊन गेली होती. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती, मी तिला तसं सांगितलंही.

संध्याकाळी ती बोर्ड घेऊन आली. जमीन गोठलेली, बोर्डाची तार काही केल्या आत जाईना. शेवटी नवराच किटलीभर उकळतं पाणी घेऊन बाहेर आला, त्याने ते तिथे ओतलं, आणि बोर्ड उभा राहिला. जरा वाकडा आहे.

कॅरलचा बोर्ड अजून हललेला नाही. रोज सकाळी पडदा सारून बघते. इरा निवडून येईल का, मला खरंच माहीत नाही... पण ज्या 'लोकांना' मी इतकी घाबरत होते, त्यांच्यात मी पण आहे, हे मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं.