आंब्याच्या चुंबकाखाली

शेजारच्या सुमनकाकूंच्या फ्रिजवर, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली, पेपरातलं एक कात्रण अजून तसंच आहे. ‘कारल्याच्या रसाने मधुमेह बरा होतो’. त्या बातमीवर विसंबून काकांनी गोळ्या सोडल्या होत्या. काका आता नाहीत.

काल काकू चहा टाकत होत्या. माझ्या हाताचा धक्का लागून आंबा जरासा सरकला आणि खालून एक प्रश्नचिन्ह माझ्याकडे बघू लागलं.

‘बरा होतो?’

वाक्यात ‘का’ नसला, की आपल्याकडे प्रश्न उरतो तो शेवटच्या एवढ्याशा चिन्हापुरता. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, आपण सावधपणे लिहिलं. पण बातमी घरात फिरते ती तोंडातोंडी, आणि ते चिन्ह वाटेत कुठे गळून पडतं ते कुणाला कळतही नाही. ‘अजून नक्की माहीत नाही’ असं सरळ शब्दांत छापायला काय बिघडत होतं मेल्यांचं?

“किती ठामपणे छापलं होतं गं,” काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. “मीच तर वाचून दाखवलं त्यांना.”

त्या वळायच्या आत मी आंबा पुन्हा जागेवर सरकवला.