आटलेल्या विहिरीची मोटार

फत्तेसिंगराव माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही धारमध्ये त्यांचं घर विचारत याल. पणजोबा दरबारात मानकरी, स्वतः बँकेतून निवृत्त, मिशी मात्र अजून नोकरीत. घराण्याचा दोष एकच: कुणाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. म्हणायला गेले की पणजोबा आडवे येतात.

त्यांच्या अंगणात विहीर आहे. आमच्या गल्लीत कुणी बाळंत झाली की तिला वाजतगाजत तिथे आणायचं, ही इथली रीत. माळव्यात तिला जलवा म्हणतात. बाळंतिणीने विहीर पुजायची, आपल्या हाताने तांब्याभर पाणी काढायचं, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. आपल्या मराठी घरांत हे मुळात नव्हतं, पण इतक्या पिढ्या इथे काढल्यावर फत्तेसिंगरावांच्या उमाबाईंनीही मुलाच्या वेळी याच विहिरीवर जलवा केला होता. बायका यायच्या, गाली गायच्या, म्हणजे यजमानाचं नाव घेऊन चिमटे काढायच्या, आणि हे ओट्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी विहिरीत मोटार सोडली. गच्चीवर काळी टाकी, विहिरीवर सिमेंटची स्लॅब, स्लॅबला लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप.

"ऑटोमॅटिक आहे भिया!" दिसेल त्याला सांगायचे. "टाकीतलं पाणी खाली गेलं की मोटार आपली आपण सुरू. भरली की बंद. बटणाला हात लावायचं काम नाही."

"मिशीला तेलही तीच लावते का?" मी विचारलं. मग बरेच दिवस माझ्याशी अबोला.

मिस्त्रीने बजावलं होतं की फुलं, नारळाच्या शेंड्या आत पडल्या तर मोटार जाईल. म्हणजे गल्लीला 'येऊ नका' म्हणायला हवं. ते कसं म्हणणार? पणजोबा! तेव्हा त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं, "विहीर आटली हो. टाकी नळाच्या पाण्यावर भरतो." वर उसासाही सोडला. लोक हळहळले. समोरची मालन, शिवणकाम करणारी, तिने तर विचारलं, "हंडा भर के भेज दूं, दादासाब?" त्यावर मात्र ते 'नको' म्हणाले. बघा, तिथे बरोबर जमलं!

वैशाखात मालनची सून दुर्गा बाळंत झाली. एके सकाळी ढोल वाजला आणि वाजत वाजत थेट त्यांच्या फाटकातून आत आला.

फत्तेसिंगराव ओट्यावरून धडपडून उठले. "अगं मालन, विहीर आटली ना. सांगितलं होतं तुला."

"सूख गयो तो कई हुओ, दादासाब? कुओ तो कुओ है," मालन म्हणाली. कडेवरची घागर तिने पुढे केली. "पानी घर से लाई हूं. सूखे कुए को हम ही नहीं पूजेंगे तो कौन पूजेगा?"

बायकांनी स्लॅबवर कुंकवाने सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, पितळी ताट मांडलं. अंगणातल्या टाकीच्या नळावर एकेकीने हातपाय धुतले, पोरांना पाणी पाजलं. नळ वाहतच होता. दारात उभ्या उमाबाईंची नजर नळावर खिळली होती. यजमानांच्या ते ध्यानातच आलं नाही.

आणि पायाखालून घूंऽऽ असा आवाज आला. पाइप थरथरला. ताटातली वाटी किणकिणू लागली, सुपारी घरंगळली. वर गच्चीवर, रिकाम्या टाकीत, धबाधबा धार पडू लागली.

ढोल थांबला.

"ऑटोमॅटिक," मी हळूच म्हणालो. कुणीच हसलं नाही.

फत्तेसिंगरावांना बघायला जागा उरली नाही. टाकीकडे बघावं तर टाकी, बायकांकडे बघावं तर घागर. शेवटी ते स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. गाली गाण्यात मालनचा हात धरणारी अख्ख्या धारमध्ये नाही. आता ती सोलणार, अशी सगळ्यांची खात्री. तिने वाकून सुपारी उचलली, ताटात ठेवली आणि भरलेली घागर बाजूला ठेवून दिली. बस.

उमाबाईंनी किल्ली आणून मुकाट्याने झाकण उघडलं. पाणी चांगलं वर होतं, चकचकत होतं. दोर तर कधीच काढून टाकलेला. फत्तेसिंगरावांनी स्वतः कपड्यांची दोरी सोडून आणली. दुर्गाने तांब्या भरून काढला. मग रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडली.

"आशीर्वाद दो, दादासाब."

हात तिच्या डोक्यापर्यंत गेला. टेकायच्या आतच मागे आला.

मिरवणूक परतली. एकही गाली झाली नाही.

पुढचं उमाबाईंनीच आमच्या हिला सांगितलं, म्हणजे खरंच असणार. हे जेवायला बसले आणि घास तसाच हातात धरून म्हणाले, "का गं गायल्या नाहीत?"

"परक्याच्या दारात गाली गात नाहीत," उमाबाई म्हणाल्या.

ताट तसंच ठेवून ते उठले आणि कुलपाची किल्ली घेऊन गल्ली ओलांडून मालनच्या दाराशी गेले. मी माझ्या ओट्यावरच होतो. असली वेळ मी चुकवत नाही.

"ही तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "विहीर आटली नव्हती."

"मालूम है, दादासाब. पूरे मोहल्ले ने सुना."

तिने किल्ली मशीनवर ठेवली आणि पुन्हा शिवायला बसली. ते हलेनात. मशीन चालू झालं, आणि त्या तालावर मालनने मान वर न करता सुरू केलं:

"दादासाब तो चुप बैठ्या रे, मोटर सांची बोली..."

मोटार खरं बोलली, ही ओळ आतून दुर्गाने उचलली, शेजारणीने खिडकीतून. मिशीवर आलं, टाकीवर आलं, पणजोबांवरसुद्धा आलं. फत्तेसिंगराव भर गल्लीत, लालबुंद कानांनी, खाली मान घालून उभे होते. गाणं पुरं होईपर्यंत जागचे हलले नाहीत.