विमान उतरेपर्यंत उपास

जगातला सगळ्यात खडतर विमानप्रवास आमच्या सासऱ्यांनी केला, आणि तोही तरसालीच्या घरात झोपाळ्यावर बसून. स्वतः त्यांनी विमान पाहिलं ते गच्चीवरून. पण घरातलं कुणी विमानात असलं की ते उतरेपर्यंत सासरे अन्नाला शिवत नसत. पोरगी अधांतरी असताना मी इथे पोळ्या मोडू का, असं विचारत. चहा मात्र चाले. चहा अन्नात धरायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

मकरपुऱ्याच्या एका कंपनीत ते टाइमकीपर होते. कामगाराच्या कार्डावर छापलेली येण्याची वेळ जाण्याच्या वेळेतून वजा करायची, उरले ते तास, हे त्यांचं जन्माचं गणित. माझी धाकटी मेहुणी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाली तेव्हा तेच त्यांनी तिच्या तिकिटाला लावलं. मुंबईहून पहाटे दोनला निघून ती तिथे त्याच दिवशी दुपारी चारला पोचणार होती. चारच्या ठोक्याला सासरे पाटावर बसले आणि अमेरिका काही फार लांब नाही म्हणत त्यांनी श्रीखंड मागून घेतलं. मेहुणी त्या वेळी अटलांटिकवर कुठेतरी होती.

पंचाईत झाली ती पहिल्यांदा परत येताना. उत्तरायणासाठी, म्हणजे इकडच्या पतंगांच्या संक्रांतीसाठी, ती सोमवारी सकाळी दहाला तिकडून निघून मंगळवारी रात्री मुंबईत उतरणार होती. सोमवारी आमच्या भिंतीवर दहा वाजले आणि सासऱ्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. तिकडे अजून रविवारची रात्र होती, पोरगी बॅग भरत होती. मी टॉर्चच्या उजेडात मोसंबं फिरवून त्यांना दिवस-रात्र समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मोसंब्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"जावईबापू, तुमची पृथ्वी फिरू द्या ने," ते म्हणाले, "तिकिटावर छापलंय. छापलेल्या वेळेशी मी नोकरीभर कधी वाद घातला नाही."

शेजारच्या गुजराती बेननी पाठवलेला उंधियूसुद्धा झाकून ठेवला गेला. मंगळवारी रात्री मुंबईहून मेहुणीचा फोन आला तोवर त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. अमेरिकेला जायला वेळ लागत नाही, यायला लागतो, हा शोध मग त्यांनी सोसायटीभर सांगितला. आम्ही खूप हसलो.

पुढे मेहुणीचं लग्न तिकडेच झालं, घर झालं, मुलं झाली. दर उत्तरायणाला ती येते म्हणायची आणि आयत्या वेळी काहीतरी निघायचं. गेल्या उत्तरायणाच्या सकाळी यंदाही जमत नसल्याचा तिचा फोन आला. काही वांधा नाही, मुलांना जप, एवढं बोलून सासऱ्यांनी तो ठेवला.

"मी म्हणत होतो ना," ते मला म्हणाले, "यायलाच वेळ लागतो."

त्यांचं गणित चुकलंय असं मला म्हणवेना. गच्चीवर पतंगांचा गोंगाट चालला होता. घरातलं कुणीच विमानात नव्हतं, तेव्हा उपासाला काही कारण उरलं नव्हतं. बायकोने उंधियू वाढला आणि ते पहिल्या हाकेला उठून जेवायला बसले.