धाविकांच्या वावरात चार पांढरे दगड

वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मे महिन्याचं ऊन असं काही तापलं होतं की कंडक्टरनंसुद्धा विचारलं, "ताई, नक्की इथंच उतरायचंय ना?" सांगलीहून निघून सोलापूर, बीड करत मी इथवर आले होते. एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्यावर तिपाई आणि हातात शेजारणीनं बळेच दिलेला चिवड्याचा डबा. साठीच्या बाईनं एवढं ओझं घेऊन जालना जिल्ह्यात कशाला जावं, असं घरातल्या तिघांनी तीन तऱ्हांनी विचारून झालं होतं. मी तिघांनाही एकच उत्तर दिलं होतं : एका पक्ष्याच्या भुवया बघायला.

ही थट्टा नव्हती. तीस वर्षं आमचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, स्थळांना पाठवायचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. हजारो चेहऱ्यांसमोर उभं राहून माझं एक ठाम मत झालंय की माणसाचा चेहरा डोळ्यांत नसतो, भुवयांत असतो. स्टुडिओ बंद करून पक्ष्यांच्या मागे लागले तरी ही खोड गेली नाही. म्हणून जेव्हा साळवे सरांनी आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर धाविक पक्ष्याचा फोटो टाकला, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. विटकरी टोपी, तिच्याखाली पांढरीशुभ्र लांब भुवई, थेट मानेमागे जाऊन दुसऱ्या भुवईला मिळालेली. भुवईखाली डोळ्यातून जाणारी काळी रेघ आणि छाती पिकल्या नारिंगी रंगाची. फोटो मात्र दुरून काढलेला, धुरकट. "इकडं येऊन नीट काढा की," सरांनी लिहिलं. मी आले.

साळवे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. पंचेचाळिशीचे, किडकिडीत आणि बोलताना सतत आकाशाकडे बघणारे. वाटेत दोन्ही अंगांना उघडी काळी रानं आणि मध्येच मोसंबीच्या बागांचे गडद हिरवे तुकडे लागत होते. मी सांगलीची, उसाच्या हिरव्याला सरावलेली. पण एवढ्या रखरखाटात कुणीतरी पाणी घालघालून जपलेला तो हिरवा रंग बघून मला भरून आलं. सरांच्या घरी त्यांच्या पत्नीनं भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ लावून केलेली झणझणीत आमटी) वाढलं. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले. तिसऱ्या भाकरीला मी लाज सोडली.

पाच वाजता आम्ही मथुराबाईंच्या वावरात गेलो. मथुराबाई माझ्याच वयाच्या. एकट्याच पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) गोळा करत होत्या. वावराचा वरचा तुकडा बरड, खडकाळ होता. आम्ही तिकडे वळलो तशा त्या ओरडल्या, "पाय जपून टाका ताई! तिथं दोन हायेत."

"काय दोन?"

"अंडे. तुमच्या म्होरं तर हायेत."

मी पाहिलं. खडे होते, शेळ्यांच्या लेंड्या होत्या, वाळकं गवत होतं. तीस वर्षं चेहऱ्यांवरचे तीळ शोधणारी ही बाई दोन मिनिटं सरळ अंड्यांकडेच बघत होती आणि तिला अंडी दिसत नव्हती! शेवटी मथुराबाईंनी काडीनं दुरूनच दाखवलं. मातकट रंगाची, काळ्या डागांची दोन अंडी उघड्या जमिनीवर होती. घरटं म्हणावं असं काहीच नाही.

"ह्याला काय म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

"नाव कशाला पाह्यजे? रोजच दिसते की. पळते, थांबते, पळते." मग त्या सरांकडे वळल्या. "सर, परवा ट्रॅक्टर येऊन राह्यला. डायवर वर बसतो, त्याला हे खाली कसं दिसन? तुमीच काही खूण करा बरं."

आणि खूण करायचं डोकं माझं. सरांच्या मोटारसायकलच्या डिकीत शाळेच्या मैदानावर मारायची फक्की होती, खेळाच्या तासाची उरलेली. मी चार मोठे दगड निवडले, पांढरेफटक केले आणि अंड्यांपासून काही पावलांवर चार कोपऱ्यांना ठेवले. चौकट जरा वाकडी आली. मला वाकडी चौकट सहन होत नाही. मी दोरी धरून ती काटकोनात बसवली. चौथा दगड त्यामुळे पार धुऱ्यापाशी (शेताच्या बांधापाशी) गेला. लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही पन्नासेक पावलांवरच्या बाभळीखाली जाऊन बसलो. तिपाई उभी केली, लांब भिंग लावलं. उन्हाची पहिली तिरीप पडली आणि जमिनीचाच एक तुकडा उठून चालू लागला. काय सांगू! उंच पांढुरके पाय, ताठ मान, दहा पावलं धावायचं, गपकन थांबायचं, वाकून काहीतरी टिपायचं, पुन्हा ताठ. सकाळच्या तिरप्या उजेडात ती नारिंगी छाती आतून पेटल्यासारखी दिसत होती. आणि ती भुवई! कुठल्याही नवरीला कुठल्याही पार्लरवालीनं अशी भुवई काढून दिलेली मी पाहिली नाही. मग तो अंड्यांवर जाऊन बसला. थोड्या वेळानं दुसरा आला, पहिला उठला, दुसरा बसला. ना गडबड, ना कुरबूर. नर कुठला, मादी कुठली, हे सरांनाही सांगता येईना, कारण दोघं अगदी सारखे. मी दोनशेवर फोटो काढले आणि एकदाही श्वास नीट घेतला नाही.

साडेनऊच्या सुमाराला तीन मोटारसायकली आल्या. सात-आठ माणसं उतरली आणि तरातरा वावरात शिरून थेट दगडांपाशी जाऊन उभी राहिली. अंड्यांवरचा पक्षी पळाला. सर उठले. "हे तर किसनराव," ते म्हणाले. "मथुराबाईंचे दीर. धुऱ्यापलीकडचं वावर त्यांचं. धुऱ्यावरून वाजलं होतं, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत."

आम्ही पोचेपर्यंत तिथं आवाज चढले होते. मला बघून गर्दीतला एकजण म्हणाला, "ह्या पाहा, मोजणीवाल्या मॅडम!" दुसऱ्यानं बाभळीकडे बोट केलं. "यंत्र बी लावलंय तिथं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिपाई, डोक्यावर टोपी, काटकोनात पांढरे दगड आणि त्यातला एक धुऱ्यावर! मथुराबाईंनी गुपचूप जमिनीची मोजणी आणली, असं किसनरावांना वाटलं होतं. बाकीच्यांना वाटलं होतं की रस्ता रुंद होणार आणि आता सगळ्यांच्याच जमिनी जाणार.

"सर, विचारा यांना," किसनराव गरजले. मथुराबाई तोवर धावत आल्या होत्या, पण ते बोलत होते सरांकडे बघून. "मोजणी आणायची तर नोटीस नको का द्यायला? माझ्या धुऱ्यावर दगड कुनाच्या हुकमानं ठिवला?"

"त्यांना सांगा सर," मथुराबाई आभाळाला म्हणाल्या, "माझ्या वावरात मी दगड ठिवीन न्हाई तर धोंडा!"

सर दोघांच्या मध्ये. ते माझ्या कानाशी लागले. "ताई, ऊन बघा. पक्षी वर उभा राहून सावली धरतो म्हणून अंडी टिकतात. अशी उघडी राहिली तर आतला जीव शिजून जाईल."

मी मघाशी पळालेला पक्षी शोधला. पलीकडे तो धावत होता, थांबत होता, पुन्हा आमच्याकडे चार पावलं येत होता आणि माणसं बघून मागे फिरत होता. हे सगळं मी केलं होतं. माझ्या त्या शहाण्या चौकटीनं.

मग मला संताप आला. स्वतःचा, पण निघाला सगळ्यांवर. "भांडा!" मी ओरडले. "खुशाल भांडा! पण तिकडं झाडाखाली जाऊन भांडा! दगड मी ठेवलेत, मी मोजणीवाली नाही, मी फोटोवाली आहे, आणि तुमच्या पायाशी दोन अंडी भाजतायत!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. अंडी किसनरावांच्या वहाणेपासून वीतभर होती. त्यांनी उचललेला पाय तसाच अधांतरी धरला, मग एकेक पाऊल मागे घेत ते बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग बाकीचे. बाभळीखाली सगळे उकिडवे बसले, जणू शाळेत सरांनीच बसवलंय.

"यंत्रातून बघा," मी किसनरावांना म्हटलं.

त्यांनी डोळा लावला. पहिल्यांदा त्यांना काही दिसलं नाही, मग दिसलं. पक्षी चोच वासून धापा टाकत उभा होता. किसनराव बराच वेळ हललेच नाहीत. "ह्याला तर भुवया हायेत," ते हळूच म्हणाले. पक्षी चार पावलं आला, थांबला. पुन्हा चार. एकजण खोकला, तर मथुराबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं खोकला गिळला. शेवटी पक्षी दगडांच्या आत शिरला, अंड्यांवर उभा राहिला आणि पंख सैल सोडून सावली धरली.

हा फोटो माझ्याकडे नाही. कॅमेऱ्यामागे किसनराव होते आणि त्यांना बाजूला सारायचं माझ्या मनातही आलं नाही.

कॅमेऱ्यावरून डोळा काढून ते सरांना म्हणाले, "ट्रॅक्टरचा रोटा ह्या तुकड्यात यायचाच न्हाई. ट्रॅक्टरवाल्याला मी सांगतो. पिल्लं निघू द्या, मंग ह्यो तुकडा मी वखरून देतो. माझे बैल हायेत." थोडं थांबून म्हणाले, "सांगा यांना."

"ऐकलं मी," मथुराबाई म्हणाल्या.

चारही दगड आम्ही सांज झाल्यावर उचलले. अंडी वाचली की आतच गेली, ते कळायला मार्ग नव्हता. "पक्षी बसतोय खरा," सर मला फाट्यावर सोडताना म्हणाले, "पण आत काय झालंय ते त्यालाही माहीत नसणार." सांगलीपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत आले आणि काहीच पाहिलं नाही. घरी सगळ्यांनी फोटोंचं कौतुक केलं. खरंच चांगले आलेत, आयुष्यात मी इतके चांगले फोटो काढले नव्हते. पण चेहरा टिपायच्या आणि चौकट जुळवायच्या हौसेपायी तो जीव आपण किती सहज धोक्यात घालतो, हे मला साठाव्या वर्षी, भर उन्हात कळलं. आता मी पक्षी बघायला जाते तेव्हा आधी सावली बघते, कुणाची आणि कुणावर.

जूनच्या सुरुवातीला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, किसनराव बोलून राह्यलो, वडीगोद्रीकडून. दोन्ही निघाले बरं का! वहिनीनं पाह्यले पळताना, मायबापाच्या मागं."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "मग वखरलात का तो तुकडा?"

"कालच. बैल घिऊन त्या जागंवर आलो तं नुसते टरफलं. तरी बैल थांबवले, वखर उचलला आन् पल्याड नेऊन टेकवला."

"अहो, पण जागा तर रिकामी होती ना?"

"बराबर हाये," ते म्हणाले. "बिलकुल रिकामी व्हती. पन हात खाली जाईना."