गवताचा कावळा

सोलापुरात मी मिशनच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे. संध्याकाळी मिशनच्या अमेरिकन साहेबांना मराठी शिकवणे हा त्याच नोकरीचा जोडभाग होता. साहेब विद्वान होते. त्यांना ग्रीक येत होते, हिब्रू येत होते, आणि मराठीही येते हा त्यांचा समज मी कधी मोडला नाही. धर्माचा मला फारसा त्रास नव्हता, ना माझ्या, ना त्यांच्या.

याच मिशनमध्ये एक उपदेशक होते. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, मोहोळकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचे एकुलते एक. तरुणपणी गिरणीत कामाला आले, तापाने मिशनच्या दवाखान्यात पडले आणि उठले ते ख्रिस्ती होऊन. अक्षरओळखही तिथेच झाली, तीही थेट बायबलावर. दुसरे पुस्तक त्यांनी कधी हातात धरले नाही. त्यामुळे छापलेले वाचावे आणि सोडून द्यावे, ही आम्हा शिकलेल्यांची सवय त्यांना लागलीच नाही. लिहिले आहे ना, मग तसे करायचे.

दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा असे लिहिले आहे. सोलापूर हे चादरींचे गाव. दर नाताळात साहेब त्यांना नवी चादर देत, आणि आठवड्याच्या आत ती गिरणीच्या फाटकापाशी कुणाच्या तरी अंगावर दिसे. देताना उजव्या हाताचे डाव्याला कळू नये म्हणून ते डावा हात पाठीमागे धरत. एकदा कोर्टात साक्षीला गेले तर शपथ घेईनात. होय ते होय आणि नाही ते नाही, एवढेच बोलावे असे लिहिलेले. "मग तुमचं खरं कशावरून मानायचं?" असे मुन्सफाने विचारले तेव्हा म्हणाले, "इचारून बघा की."

मी हसत असे. पण त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता, हेही तितकेच खरे. असा माणूस शेजारी असला की आपले बोलणे आपल्यालाच ऐकू येऊ लागते. ते काही सुखाचे नसते.

एका पावसाळ्याअखेर साहेबांनी व्याख्यान ठेवले, विषय 'अक्षर आणि अर्थ'. हार, बाजाची पेटी, पुढच्या रांगेत वकील आणि त्यांच्या पगड्या. साहेबांनी सांगितले की सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट खरा नव्हे आणि विश्वासाने हलणारा डोंगरही खरा नव्हे. पूर्वेकडचे लोक रूपकांत बोलतात. हे ते आम्हा पूर्वेकडच्यांना दोन तास समजावून सांगत होते. शेवटी उपदेशक उठले.

"साहेब, होय म्हंजे होय, हे बी रूपकच का?"

"नाही, नाही. ते यथार्थ आहे."

"मग कुठलं यथार्थ आन् कुठलं रूपक, ह्याची खूण काय?"

"त्याकरिता, प्रिय बंधू, अध्ययन लागते," साहेब म्हणाले. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते मला कळले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शाळा सुटायच्या सुमारास, उपदेशकांचा पुतण्या मोहोळहून गाडीने आला. चुलत भावाचा मुलगा, तिशीचा गडी. पायांवर चिखल वाळलेला. तो व्हरांड्यात उभाच राहिला.

"नाना, आबांचं काय खरं न्हाय. आजची रात निघंल का न्हाय, म्हाईत न्हाय."

आबा म्हणजे उपदेशकांचे वडील. उपदेशकांनी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला.

"तुमची वाट बघत्यात. आग तुमच्याच हातची पायजे म्हनत्यात. मला म्हनले, तू हात लावू नको. आता मी काय करू?"

मी साहेबांकडे सोबत गेलो. उपदेशकांनी त्यांना तेच विचारले, जे ते स्वतःला विचारत असावेत. एकाला प्रभूच्या मागे जायचे होते; त्याने आधी बापाला पुरून येऊ का म्हणून परवानगी मागितली. प्रभू म्हणाले, मेलेल्यांना आपली मेलेली माणसे पुरू दे, तू माझ्यामागे चल. मग जावे की न जावे?

साहेबांनी चष्मा काढला. ते वाक्य आलंकारिक आहे, मेलेले म्हणजे आत्म्याने मेलेले, असे त्यांनी नीट सांगितले. तेव्हा त्यांनी खुशाल जावे, बापाजवळ बसावे, शोक करावा. फक्त अग्नी देऊ नये. तो मूर्तिपूजकांचा विधी आहे.

"म्हंजे वाक्य खरं न्हाय, पर आग द्यायची न्हाय," उपदेशक म्हणाले.

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना एक वाट काढून दिली. म्हटले, "पुरू नको एवढंच लिहिलंय ना? तुमच्यात तर जाळतात. जाळण्याविषयी एक अक्षर नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "प्रभूच्या मुलखात पुरत हुते, म्हनून पुरणं म्हनले, गुरुजी. हितं असते तर जाळणं म्हनले असते." अर्थ लावताना मी त्यांना पाहिले ते तेवढे एकदाच, आणि तोही स्वतःचीच वाट बुजवायला.

ते गेले नाहीत. पुतण्या एकटाच परतला. म्हातारा त्याच रात्री गेला आणि नको म्हटलेल्या हातानेच त्याला आग मिळाली.

पुढच्या दिवसांत उपदेशक नेहमीसारखे काम करत होते. प्रार्थना घेत, आजाऱ्यांकडे जात. फक्त चालताना मधेच थांबत, मागून कुणी हाक मारल्यासारखे. एकदा मी विचारले, "काय झालं?" म्हणाले, "काय न्हाय. आबांची खोकायची सवय हुती तशी." रस्त्यावर कुणी नव्हते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी आले. "पुरायचं झालं. दहाव्याबद्दल काय लिव्हलेलं न्हाय. मी जानार हाय. तुमी येता का? काय सांगायला नगं. नुसतं बसायला."

गाव सीनेच्या काठी. नदीला पाणी बेताचे, काठावर बाभळी. पुतण्याचे डोके ताजे भादरलेले. भटजींनी पिंड केले, दगडावर मांडले आणि सगळे मागे सरले. मेलेल्याचे मन कशात अडकले नसेल तर कावळा लगेच शिवतो, अडकले असेल तर शिवत नाही, हे काही वाचकांना सांगायला नको. उपदेशक लोकांपासून वीसेक हात लांब बसले होते, मी त्यांच्या शेजारी.

बाभळीवर कावळे होते. चांगले सातआठ. एरवी हातातली भाकरी पळवणारी ती जात, पण त्या दिवशी एक हलेना की ओरडेना. मान वाकडी करून आमच्याकडे पाहत राहिले.

लोक वचने देऊ लागले. म्हैस विकत नाही. धाकटीचं लगीन माघात करतो. विहिरीचं काम पुरं करतो. एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगे आणि मागे येई. ऊन चढले. भटजींना दुपारी दुसरीकडे जायचे होते; ते सूर्याकडे पाहत होते. मग हळूहळू सगळ्यांच्या माना आमच्या बाजूला वळल्या.

"नाना, तुमी बोला," पुतण्या म्हणाला.

"काय बोलू?"

"म्हना, आबा, मी परत घरात येतो."

"यायचं न्हाय तर म्हनू कसं?"

"म्हनायला काय जातंय? समदेच म्हनत्यात. आमची म्हैस बी बाजारात जानारच हाय की."

म्हाताऱ्याची बहीण, उपदेशकांची आत्या, तिथेच मातीत बसली होती. ती म्हणाली, "अरं बाबा, मेलेल्याशी बोलायचं हाय, कोरटात न्हाय. गोड बोल, जाऊ दे त्याला."

त्यांचे ओठ हलले. समोर त्यांचा बाप अडकून पडला होता आणि एका वाक्याने सुटणार होता; तेवढे वाक्य त्यांच्याजवळ नव्हते. तिथल्या सगळ्यांचा कावळ्यावर विश्वास होता, पण कावळ्याला दिलेला शब्द पाळायचा असतो, असे मानणारा एकच माणूस होता, आणि तो ख्रिस्ती होता.

अखेर भटजींनी शास्त्रातली सोय काढली. दर्भाच्या चार काड्या वळून चोचीसारखे टोक केले, तो कावळा पिंडाला लावला आणि म्हणाले, "शिवला. उठा."

"ह्यो कावळा न्हाय, भटजी," उपदेशक बसल्या जागेवरून म्हणाले. "गवत हाय."

"शास्त्रानं मानलाय तो कावळा."

मला साहेबांचे व्याख्यान आठवले. पेटी तेवढी नव्हती.

लोक जेवायला गेले. आत्याने जाताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला सोलापूरची गाडी गाठायची होती. मी म्हटले, चला. ते म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी बसतो." वळणावरून मागे पाहिले तेव्हा ते त्या दगडासमोर तसेच बसलेले होते, पिंड तसेच, झाड तसेच काळे. इतके कावळे आणि इतकी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

दोन दिवसांनी ते शाळेच्या व्हरांड्यात दिसले. मी मास्तर माणूस, विचारल्याशिवाय राहवेना.

"शिवला?"

"शिवला."

"खरा?"

"खरा."

"काय बोललात?"

ते कट्ट्यावर बसले. "लई येळ काय सुचंना. मग ते वचनच पुन्ना पुन्ना मनात येत ऱ्हायलं. मेलेल्यांनी मेलेल्यांचं करावं. मग म्हनलं, हे काम मेलेल्यांचं हाय ना, तर मी बी मेलेला. आजच्या सांजंपुरता. नदीवर गेलो, वंजळीत पाणी आनलं, पिंडावर सोडलं. म्हनलं, आबा, जित्या मानसाला येता येत न्हवतं, म्हनून असा आलो."

"आणि?"

"आन् शिवला."

गिरणीचा भोंगा झाला. ते उठले. "आता साहेबांना सांगून येतो," म्हणाले. मी म्हटले, कशाला सांगता, कुणी पाहिलं नाही. ते साहेबांच्या बंगल्याकडे चालू लागले होते.

साहेबांनी त्यांना वर्षभर उपदेश करण्यास मनाई केली. वाक्य आलंकारिक असले तरी पाणी खरे होते, असा त्याचा मथितार्थ. उपदेशक मिशनच्या देवळात मागच्या बाकावर बसू लागले. वर्ष सरले तरी पुढे आले नाहीत. मी त्यांच्याशी पूर्वीसारखा बोलत असे, पण एक गोष्ट मनातून जात नसे. त्या सांजेपुरता मी मेलेला, असे ते म्हणाले होते. परत जिवंत केव्हा झाले, ते बोललेच नव्हते. आणि ते बोलले नाहीत म्हणजे ते झाले नाही, इतपत मी त्यांना ओळखत होतो.

कावळा खरेच शिवला का? माझा ना त्यांच्या पुस्तकावर विश्वास, ना आमच्या कावळ्यावर. पण मग तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलला असे मानावे लागते, आणि त्यावर तर माझा त्याहून कमी विश्वास बसतो.

पुढे काही वर्षांनी ते वारले. साहेब तोवर मायदेशी परतले होते. ख्रिस्ती दफनभूमीत खड्ड्याभोवती आम्ही पंचवीसतीस जण उभे होतो. शवपेटी खाली सोडली आणि एकेकाने मूठ मूठ माती टाकायला सुरुवात केली. पुतण्याही आला होता, हातातली टोपी चुरगाळत. माझी पाळी आली. माती गार होती. मी ती हातात धरून उभा राहिलो आणि समोरचे चेहरे पाहिले: वकील, मास्तर, दवाखान्यातली नर्स, नवे साहेब. सगळे पुरायला आलेले. हे काम कुणाचे म्हणून लिहिले आहे, ते मला पाठ होते.

"गुरुजी, टाका की," मागून पुतण्या म्हणाला.

मी टाकली. घरी आलो, दारातच पाय धुतले आणि आत बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का?" आतून ओ यायला जरा वेळ लागला. ती येईपर्यंत मी उंबरा ओलांडला नाही.