बसचा हार
दसऱ्याला झेंडूचा वास आला की मला गावाची कमान आठवते. शहराची बस पहिल्यांदा आली, तेव्हा तिथंच आम्ही हलगी लावून तिला हार घातला होता. आम्हाला शहराची बस हवी होती, शहराची घरपट्टी नको होती. पुढं गाव शहराच्या हद्दीत घेणार अशी बातमी आली आणि आम्ही तीच बस कमानीत अडवली. घोषणा द्यायला मी पुढं होतो. ड्रायव्हर उतरला, काचेवरचा वाळलेला हार सोडून माझ्या हातात देत म्हणाला, "पावणं, वाजतगाजत घातलासा, आता तुमीच सांभाळा. आमची गाडी हद्दीतच बरी हाय की." बाजाराहून परतलेल्या आमच्याच बायका पिशव्या घेऊन उतरल्या आणि आमच्याकडं न बघता चालू लागल्या. अजून मी दसऱ्याला घरच्या गाडीला हार घालत नाही. बायकोनं विचारलं, तर विसरलो म्हणतो.