स्वयंपाकघरातले अकरा खिळे

आमच्या घरातली वीज मी घालवली, असं आमच्याकडे अजून सांगतात. चार माणसं जमली की कुणीतरी तो विषय काढतंच. सांगू देत बापडे. खिळे मी ठोकले हे मी तेव्हा नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. पण त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून ते मीच लिहून ठेवते.

एकोणीसशे तिसाच्या पुढची सालं. रत्नागिरीत तेव्हा वीज नवी होती. दिवेलागणीला यायची, रात्री ठरल्या वेळी जायची, आणि दिवसा तिचा पत्ता नसे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीतून निवृत्त झालेले. आळीतल्या दोन घरांत दिवे लागल्यापासून त्यांना चैन पडेना. शेवटी दीड महिन्याचं पेन्शन घालून त्यांनी वीज घेतली. पूर्णगडचा एक वायरमन मुंबईत काम शिकून परत आला होता, त्याला बोलावलं. दिवे तीन ठरले: एक ओटीवर, एक देवघरात, एक मागच्या पडवीत, कारण मामंजी हातपाय धुवायला तिकडे जात. ओटीवरून पडवीत जायला तारेला वाट एकच होती, स्वयंपाकघरातून. तेव्हा सागाच्या लाकडी पट्टीत बसवलेली तार आमच्या भिंतीवरून, आमच्या डोक्यावरून, सरळ पडवीत गेली. दिवा आम्हाला नव्हता. आमच्या वाट्याला पट्टी आली.

त्या वेळी आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, डोळे अधू होत चालले होते. चाळीस वर्षं चुलीचा धूर आणि रॉकेलच्या चिमणीची काजळी, दुसरं काय होणार? होड्या संध्याकाळी लागायच्या, मासळी घरात यायची ती काळोख पडता पडता, आणि विळीवर बसायच्या त्या. मला बसू देत नसत. बोटांनी चाचपून खवलं काढायची, चाचपून पोट साफ करायचं. त्या पावसाआधी दोनदा त्यांचं बोट कापलं. दुसऱ्या वेळी तर रक्त कालवणात गेलं की काय, म्हणून त्यांनी अख्खं भांडं ओतून दिलं आणि पुन्हा चुलीला लागल्या. मला तिथे एक दिवा हवा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

मागायचं कसं हाही प्रश्नच होता. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती. म्हणून मी आत्याबाईंशी बोलायची, पण आवाज ओटीवर नीट पोचेल असा. "आत्याबाई, पडवीत उजेड आहे म्हणतात, तिथेच आणून देऊ का विळी?" ओटीवर वर्तमानपत्राचा कागद जरा जोरात उलटला जायचा. आमचं भांडण ते एवढंच. आमचे हे मुंबईला गोदीत कारकून होते, आणि पत्रातून लिहायचे, बाबांना सांगून पाहतो. ते काही सांगितलं गेलं नाही.

मग वैशाख आला आणि आगोटीची घाई सुरू झाली. पावसाचे चार महिने घरात सगळं साठवून ठेवायचं ते आगोटीत: लाकडं, कोकमं, सुकट, खारे बांगडे, कांद्याच्या माळा. हे सगळं टांगायला भिंतीवर जागा कधीच पुरत नसे. त्या वर्षी मला जागा दिसली. सागाची गुळगुळीत पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा धड बसत नाही, भुगा होऊन पडतो, आणि इथे आयतं लाकूड. मी स्टूल घेतलं, आत्याबाईंनी ते खालून धरलं, आणि मी खिळे ठोकले. दुपारची वेळ होती. खारे बांगडे आणि कांदे लटकवले आणि मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्या पट्टीचा काही उपयोग झाला होता.

सबंध पावसाळा ते बांगडे ओल धरून ठिबकत राहिले. दिवे अधूनमधून मिणमिण करायचे, मामंजी वीजवाल्यांना नावं ठेवायचे. पुढचा वैशाख आला, नवी आगोट झाली, माळा पुन्हा चढल्या. एका संध्याकाळी दिवे लागले आणि आमच्या भिंतीवरून चरचर आवाज आला. पट्टी धुमसत होती. माळेचं सूत जळून कांदे भाताच्या टोपात पडले. ओटीवरचा दिवा गेला, मामंजी बटण दाबायला उठले आणि त्यांना असा झटका बसला की ते दोन दिवस उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते.

सकाळी वायरमन आला, त्यानं पट्टी उघडली. आत तार हिरवी पडून कुजली होती, वर मिठाचा थर. त्यानं एकेक खिळा उपटून ओटीवर मांडला. अकरा निघाले.

"ह्ये कोणी ठोकलान?" त्यानं विचारलं.

"मी," मी दाराआडून म्हटलं.

"आवो, मी मालकांना सांगितलेला, पट्टीला कोणाला हात लावू देऊ नका म्हणून."

मालकांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. बायकांचा विजेशी काय संबंध, असा विचार केला असेल. मी आत्याबाईंकडे वळून मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, आपल्या भिंतीतून काय जातंय ते आपल्याला सांगायला तोंड दुखत होतं का कुणाचं? इथे दिवा लावला असता तर ती पट्टी विजेची आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं." आत्याबाई चुलीशी फुंकत बसल्या होत्या. मान वर न करता फुंकतच राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या.

सगळ्या घराचं वायरिंग नव्यानं करायला हवं होतं. वायरमननं हिशेब सांगितला. आतून, जुन्याच वाटेनं, चार दिवसांचं काम, खर्च पहिल्याइतका, तार त्याच्याकडे आहे. मागच्या अंगणाकडून, पागोळीखालून न्यायची तर शिशाच्या वेष्टणाची तार लागेल, ती इथे मिळत नाही, मुंबईहून बोटीनं यायची. खर्च दुप्पट. "आणि दिवस किती, ता मी कसा सांगू?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्यांना विचारा, आतून नेताना वाटेत एक दिवा बसवायला काय लागतं."

वायरमननं मला परस्पर उत्तर दिलं. "काय नाय वैनी, दोन हात तार आणि येक बटण."

मामंजींनी बायकोला सांगितलं, "तिला सांग, जिनं खिळे ठोकले तिच्या भिंतीवरून माझी तार जायची नाही. बाहेरून न्या."

असा निकाल लागला. चार दिवसांत होणारं काम दुप्पट पैशांनी, आणि किती दिवसांनी ते कुणालाच ठाऊक नाही, हे त्यांना चाललं. चुलीवर दिवा लागला असता तर काय आकाश कोसळणार होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. शिवाय ते अकरा खिळे त्यांनी एका करवंटीत घालून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवले. आल्यागेल्याला करवंटी दाखवायचे. शेजारचे लोक ती हातात घेऊन खुळखुळवायचे आणि माजघराच्या दाराकडे पाहायचे. मीही त्या दारातून मुद्दाम जाऊन येऊन असे. लाजायचं काही कारण नव्हतं.

मुंबईला पत्र गेलं, यांनी तार विकत घेतली, गोदीवर नेली, तोवर पावसाआधीची शेवटची बोट सुटली होती. आता बोटी सुरू होणार त्या नारळी पौर्णिमेनंतर. घाटावरून मोटारीनं मागवायची तर आणखी भाडं पडलं असतं, ते मात्र मामंजींना नको होतं. वीजवाल्यांनी जोडणी तोडूनच टाकली होती. मग काय, सगळं घर आमच्यासारखं झालं.

पावसासाठी ओटीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधली की तिथे भर दुपारी कंदील लावावा लागे. दोन वर्षं विजेवर वाचलेल्या माणसाला तो उजेड पुरेना. "या उजेडात अक्षर लागत नाही," असं मामंजी दर संध्याकाळी म्हणायचे. एकदा मी आतून विचारलं, "आत्याबाई, या उजेडात काटा दिसतो का हो?" त्या दिवशी मामंजी फार सावकाश जेवले, घास चिवडून चिवडून. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. पण श्रावणात आत्याबाईंनी शेवग्याचा पाला चाचपता चाचपता चिमणीच्या वातीला हात लावला आणि बोटं भाजून घेतली, तेव्हा माझं हसू गेलं. मी आत जाऊन रडले. दोन हात तार आणि एक बटण, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बोटी सुरू झाल्या, तारेचं भेंडोळं आलं. तोवर गणपती आले, वायरमन पूर्णगडला गेला तो गौरी गेल्या, पितृपक्ष झाला, तरी येईना. शेवटी आश्विनात आला. चार दिवसांच्या कामाला वैशाखापासून आश्विन उजाडला होता, आणि काम अजून सुरूच व्हायचं होतं.

तो शिडी घेऊन अंगणाकडे निघाला तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघरातून उठल्या आणि ओटीवर गेल्या. परका पुरुष असताना त्या ओटीवर गेलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. हाताला मासळीचं पाणी तसंच होतं.

"तार आतनं जायची," त्या म्हणाल्या.

"काय?" मामंजी म्हणाले.

"आतनं जायची. आणि चुलीवर दिवा लागायचा. नायतर आजपासून काळोख पडल्यावर मी विळीवर बसायची नाय. दिवस बुडायच्या आधी मिळंल ता जेवायचा."

वायरमन कौलांकडे बघत उभा राहिला. मामंजींनी बायकोकडे पाहिलं, मग भेंडोळ्याकडे. बाहेर सरीचे चार थेंब पडायला लागले होते.

"भेंडोळं भिजतंय," मामंजी वायरमनला म्हणाले. "आत घे."

त्यानं भेंडोळं उचललं, शिडी उचलली आणि दोन्ही स्वयंपाकघरात आणलं. आतली वाट जवळची, त्यामुळे शिशाची तार उरली, आणि त्या उरलेल्या तारेत चुलीवरचा दिवा झाला. चार दिवस लागले, त्यानं म्हटले होते तेवढेच.

पहिल्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा आधी दिसली ती काजळी. भिंती, तुळई, शिंकं, सगळं काळंकुट्ट. मी लाजून फडकं शोधायला लागले. आत्याबाईंनी मला थांबवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग ओटीवरच्या कोनाड्यातली करवंटी आणून माझ्यासमोर ठेवली.

"पट्टीला हात लावू देऊ नका, असा तो ओटीवर सांगत होता ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी दाराआड चहा घेऊन उभी होत्ये."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"दिवसाची वीज नसते, ताही त्यानंच सांगितलान. तुला कायएक झाला नसता. म्हटला, बिघडली तर पुन्हा घालतील. घालतील तेव्हा देतील हय चुलीवर एक दिवा."

मला राग आला, खराच आला. वैशाखापासून करवंटी माझ्या नावानं खुळखुळत होती आणि या चुलीशी फुंकत बसल्या होत्या. तसं बोलणारच होते मी. पण तेवढ्यात ती दुपार नीट आठवली. माळा दहा होत्या. दहा खिळे झाल्यावर मी पुरे म्हणून स्टुलावरून उतरत होते, तर त्यांनी ओच्यातून आणखी एक काढून माझ्या हातात दिला होता, आणि बोटानं दाखवलं होतं, हयसर ठोक.